युद्धनौकेच्या हलचा खर्च: टनामागे तास हा हिशोब कितपत धरायचा?

सुकाणू_२१

नमस्कार मंडळी. मी मूळची स्ट्रक्चरल डिझाइनवाली, आठ महिन्यांपूर्वी एस्टिमेशनला आलेय. सध्या एका मध्यम आकाराच्या युद्धनौकेच्या फक्त स्ट्रक्चरचा (हल, म्हणजे जहाजाचं धड, आणि त्यावरचं बांधकाम) खर्च काढायचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे एसडब्ल्यूबीएस या जहाजाच्या कामांना नंबर देणाऱ्या यादीतला ग्रुप १००. इंजिन, वायरिंग, शस्त्रं वगैरे सगळं दुसऱ्यांकडे. डिझाइन अजून सुरुवातीलाच आहे, मिडशिप सेक्शन (जहाजाचा मधला आडवा छेद) आणि जनरल अरेंजमेंट (कुठे काय याचा नकाशा) हातात आहे, ब्लॉक (वेगळे बांधून नंतर जोडायचे मोठे तुकडे) कुठे तुटणार ते कच्चं ठरलंय, डिटेल ड्रॉइंग एकही नाही.

मी केलं ते असं, की आधी बांधलेल्या एका सप्लाय जहाजाचे स्ट्रक्चरचे एकूण मॅनअवर्स घेतले, त्याच्या स्टीलच्या वजनाने भागले, टनामागे तास निघाले ते आपल्या जहाजाच्या वजनाला लावले, वर स्टीलचा भाव आणि थोडं स्क्रॅप धरलं. सीनियरांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "हे तास कुठल्या टनाचे आहेत?" आणि मीटिंगला निघून गेले. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात आहे.

दुसरं म्हणजे मला स्वतःलाच एक गोष्ट खटकतेय. मागच्या आठवड्यात डिझाइनवाल्यांनी डेकच्या प्लेट पातळ केल्या, वजन उतरलं, आणि माझ्या शीटमधे खर्चही आपोआप उतरला. पण अशी पॅनेल्स मी स्वतः काढलीत, प्लेट पातळ केली की स्टिफनर (प्लेटला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) जवळ आणावे लागतात हे मला माहितीय. मग काम वाढलं असताना खर्च कमी कसा? वजनाची पद्धत सरळ टाकूनच द्यायची का? आणि ड्रॉइंगच नसतील तर दुसरं मोजायचं तरी काय? एकूण तीन जहाजं बांधायची आहेत, त्याचा लर्निंगचा (सरावाने तास कमी होण्याचा) फायदा कसा धरायचा तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

जुना_लॉफ्टवाला

ताई, तुमच्या सीनियरांनी विचारलेला प्रश्न अगदी मुळावरचा आहे. मी याच प्रश्नावर एकदा जबर आपटलोय म्हणून सविस्तर लिहितो.

स्टीलचं वजन एक नसतं, तीन असतात. एक ड्रॉइंगवरून काढलेलं निव्वळ वजन, जे वेट इंजिनिअर स्टॅबिलिटीसाठी ठेवतो. दुसरं मागवलेलं वजन, म्हणजे नेस्टिंगनंतर (प्लेटवर भाग आखून कापल्यावर) उरणारे तुकडे, कडेचं जादा मार्जिन, सगळं धरून मिलकडून येणारं. तिसरं प्रत्यक्ष ब्लॉक क्रेनला लावल्यावर काट्यावर दिसणारं, ज्यात वेल्ड मेटल आणि रोलिंग टॉलरन्सही येतो आणि कधीकधी उचलायला लावलेले पॅडआय न काढता तसेच राहिलेले असतात तेही. मी एका यार्डात होतो तेव्हा जुन्या जहाजाचे तास मागवलेल्या टनाने भागून ठेवलेले होते, मला ते माहीत नव्हतं, मी तो दर नव्या जहाजाच्या निव्वळ टनाला लावला. दोन्हीत बाराएक टक्क्यांचा फरक होता, म्हणजे माझे तास तितक्याच टक्क्यांनी कमी निघाले, आणि ते पहिला ब्लॉक उभा राहिल्यावर कळलं. तेव्हापासून कोणी टनामागचा दर दिला की मी आधी विचारतो, भागाकार कुठल्या वजनाने केलाय.

आणि नुसतं वजन विचारून भागत नाही, तासही विचारायचे. त्या तासांत फक्त कटर, फिटर, वेल्डर आहेत, की स्टेजिंग (परांची) बांधणारे, क्रेन, ब्लॉक हलवणारी गाडी, फायर वॉच (आगीवर लक्ष ठेवणारा माणूस), साफसफाई, टाकीची एअर टेस्ट, एनडीटी (वेल्ड न तोडता केलेली तपासणी) हेही आहेत? एका ठिकाणी हे सगळं डायरेक्ट तासांत धरतात, दुसरीकडे ओव्हरहेडमधे टाकतात. दोन यार्डांचे दर शेजारी ठेवून तुलना केली आणि हे बघितलं नाही तर ती तुलना बाद समजायची.

आता तुमच्या मूळ चुकीकडे येतो. चूक म्हणणं बरोबर नाही, सगळे तिथूनच सुरुवात करतात. सप्लाय जहाजाला मधे लांबच लांब सरळ भाग असतो, एकसारखे ब्लॉक, जाड प्लेट, मोठ्या टाक्या ज्यात माणूस उभा राहून काम करतो. युद्धनौकेला असा सरळ भाग जवळपास नसतोच, वेगासाठी हल बारीक आणि पुढून मागून निमुळता, त्यामुळे प्रत्येक फ्रेम (हलची बरगडी) वेगळी. प्लेट पातळ, कप्पे लहान, वॉटरटाइट बल्कहेड (पाणी अडवणाऱ्या आतल्या भिंती) जास्त, आणि प्रत्येक बल्कहेडमधून केबल आणि पाइप जाणार म्हणून भोकं जास्त. एका टनात कामाचे तुकडे किती आहेत हे बघितलंत तर दोन जहाजांचे टन एकमेकांना लावताच येत नाहीत.

वजनाची पद्धत टाकून देऊ नका मात्र. आधी ग्रुप १०० चे सात तुकडे करा: शेल (बाहेरचं कवच) आणि फ्रेम ११०, बल्कहेड १२०, डेक १३०, प्लॅटफॉर्म १४०, डेकहाऊस (डेकवरचं बांधकाम) १५०, मास्ट १७०, फाउंडेशन (मशीनखालच्या बैठका) १८०. १६० आणि १९० मधे तुमच्याकडे काही असेल तर तेही. प्रत्येकाला वेगळा दर. नुसतं एवढं केलंत तरी तुमचा अंदाज एकदम शहाणा होईल.

वेल्डमीटर

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण ताईंना जे खटकतंय त्याचं उत्तर वजनाचे तुकडे करून मिळणार नाही, त्यासाठी एकच पॅनेल घेऊन बघू. आकडे सोपे धरतो.

१२ मीटर लांब, ८ मीटर रुंद डेक पॅनेल. १० मिमी प्लेट, स्टिफनर ८०० मिमी अंतरावर, म्हणजे आतले ९ स्टिफनर. स्टील १० मिमी जाडीला चौरस मीटरला ७८.५ किलो, म्हणजे प्लेट ७,५३६ किलो. स्टिफनर समजा मीटरला १५ किलोचा, ९ गुणिले १२ म्हणजे १०८ मीटर, १,६२० किलो. एकूण ९,१५६.

आता हलकं करू. प्लेट ७ मिमी, स्टिफनर ५०० मिमी अंतरावर, म्हणजे १५. प्लेट ५,२७५ किलो, स्टिफनर थोडा हलका, मीटरला ११ किलो, १८० मीटर, १,९८० किलो. एकूण ७,२५५. वजनात २१ टक्के बचत. तुमच्या शीटमधे टनामागे समजा ४० तास असतील तर ३६६ चे २९० तास झाले, ७६ तास वाचले असं शीट म्हणणार.

प्रत्यक्षात काय झालं? स्टिफनरला दोन्ही बाजूंनी फिलेट (कोपऱ्यात भरलेला वेल्ड), म्हणजे आधी २१६ मीटर वेल्ड होता तो ३६० मीटर झाला. आडव्या फ्रेम दर २ मीटरवर धरल्या तर आतल्या ५ फ्रेम, आणि जिथे जिथे स्टिफनर फ्रेममधून जातो तिथे कटआऊट, फिटिंग, कॉलर प्लेट (कटआऊट बुजवणारा तुकडा), हाताने वेल्ड. अशा जागा आधी ४५ होत्या, आता ७५. सरळ फिलेट मशीन करून टाकेल, पण त्या ७५ जागी माणूस गुडघ्यावर बसून कोपऱ्यात टॉर्च घालतो, आणि तास तिथे जातात. पॅनेल हलकं झालं आणि काम वाढलं, शीट मात्र उलटं सांगतेय.

म्हणून मी टनाऐवजी तीन गोष्टी मोजतो: जॉइंटची लांबी, तुकड्यांची संख्या आणि क्रॉसिंगची (स्टिफनर फ्रेममधून जातो त्या जागांची) संख्या. ड्रॉइंग नसलं तरी मिडशिप सेक्शन आणि फ्रेम स्पेसिंग आहे ना, त्यावरून एका टिपिकल ब्लॉकचं हे सगळं एका दिवसात मोजता येतं, मग बाकीच्या ब्लॉकना त्याच्या प्रमाणात.

डोलकाठी

@वेल्डमीटर, मुद्दा पटला, पण एक दुरुस्ती, कारण ताई हे आकडे पुढे वापरतील. प्लेट पातळ झाली की फिलेटचा लेगही (वेल्डच्या त्रिकोणाची बाजू) कमी होतो, आणि वेल्ड मेटल लेगच्या वर्गाच्या प्रमाणात जातं. समजा १० मिमीला ५ मिमी लेग होता आणि ७ मिमीला ४ मिमी. मग २१६ गुणिले २५ म्हणजे ५,४००, आणि ३६० गुणिले १६ म्हणजे ५,७६०. म्हणजे लांबी ६७ टक्के वाढली तरी मेटल जेमतेम ७ टक्के वाढलं. लहान लेगला मशीनही जास्त वेगाने चालते. त्यामुळे नुसती लांबी मोजली तर तुम्ही दुसऱ्या टोकाला चुकाल. लांबी आणि लेग दोन्ही घ्या. उलट बाजूनेही हेच लागू आहे, ड्रॉइंगवर कोणी सवयीने ६ च्या जागी ८ मिमी लेग लिहिला तर मेटल पावणेदोन पटीच्या वर जातं, वजनात ते दिसतसुद्धा नाही. डिझाइनमधून आलेल्या माणसाने हे आपल्या जुन्या सहकाऱ्यांना नक्की सांगावं.

क्रॉसिंगचा मुद्दा मात्र तसाच उभा राहतो, त्याला लेगची सवलत नाही.

आणि पातळ प्लेटचा खरा खर्च अजून कोणी लिहिलाच नाही, तो म्हणजे डिस्टॉर्शन. ५-६ मिमीची प्लेट वेल्ड थंड होताना आक्रसली की स्टिफनरच्या मधे खोलगट होते, उन्हाच्या तिरप्या प्रकाशात जहाजाच्या बरगड्या मोजता येतात. मग हीटिंगवाले येतात, टॉर्चने पट्टे मारतात, पाणी सोडतात, मोजतात, परत मारतात. मी एक डेकहाऊसची भिंत बघितलीय जिला बांधायला जितके दिवस गेले जवळपास तितकेच सरळ करायला गेले, आणि ते तास कुठल्याच एस्टिमेटच्या ओळीत नव्हते, रीवर्क म्हणून वेगळ्या कोडला पडले. तुम्ही जुन्या जहाजाचे तास काढाल तेव्हा रीवर्कचा कोड आवर्जून उघडून बघा. त्यात किती फेअरिंग (हे सरळ करायचं काम) आहे ते वेगळं काढा, कारण पातळ प्लेटच्या जहाजात तो अपघात नसतो, तो कामाचाच भाग असतो.

मटेरियलबद्दलही थोडं. नुसता स्टीलचा टनाचा भाव बघू नका. एचवाय-८० सारखं जास्त ताकदीचं स्टील आलं की वेल्डच्या आधी प्रीहीट, वेल्ड चालू असताना तापमानावर लक्ष, नंतर जास्त तपासणी, हे सगळं तासांत जातं. अमेरिकन नौदलाने १९८०च्या दशकात एचएसएलए-८० आणलं ते याच कारणासाठी, ताकद तेवढीच पण कार्बन कमी, तांब्यामुळे ताकद मिळते, त्यामुळे प्रीहीटची गरज बरीच उतरली. तिथे बचत प्लेटच्या भावापेक्षा वेल्डरच्या वेळेत होती. तुमच्या जहाजात कुठल्या पट्ट्यांना कुठला ग्रेड आहे तेवढं मिडशिप सेक्शनवर लिहिलेलं असतंच, त्या पट्ट्यांतले जॉइंट वेगळे काढा.

प्लेट_नं_७

मी ऑफिसवाला नाही, फॅब्रिकेशन शॉपला सुपरवायझर. दोनच गोष्टी सांगतो.

१८० नंबर, फाउंडेशन. टनात बघाल तर किरकोळ वाटतं. पंपाखाली, स्विचबोर्डखाली, रडारच्या कॅबिनेटखाली लोखंडाचे छोटे छोटे स्टूल म्हणा ना. पण संख्या शेकड्यात, एक दुसऱ्यासारखं नाही, युद्धनौका म्हणजे शॉकचा (स्फोटाच्या हादऱ्याचा) हिशोब आहे म्हणून पूर्ण पेनिट्रेशन (पूर्ण जाडीतून आरपार) वेल्ड मागतात, वर लेव्हलिंग, भोकं नेमकी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मशीन कुठल्या कंपनीची घ्यायची तेच उशिरा ठरतं, मग ड्रॉइंग उशिरा येतं, तोवर ब्लॉक बंद होऊन उभा राहिलेला असतो, आणि जे काम शॉपमधे टेबलावर झालं असतं ते आत घुसून डोक्याच्या वर हात करून करावं लागतं. डेकच्या दराने फाउंडेशन धरलंत तर माझ्या पोरांच्या तासांचा काहीच मेळ बसणार नाही.

दुसरी गोष्ट तीच, काम कुठे होतंय. यार्डात १-३-८ म्हणतात, शॉपमधे १ तास लागतो ते ब्लॉकवर ३ आणि जहाजावर ८. ठोकताळाच आहे, पण दिशा अगदी खरी. कारण शॉपमधे आम्ही पॅनेल उलटं करून सगळं डाऊनहँड (वरून खाली बघत) मारतो, उजेड आहे, हवा आहे, मशीन हाताशी आहे. जहाजावर तोच जॉइंट ओव्हरहेड होतो, आधी स्टेजिंग, मग केबल ओढा, धूर काढायला पंखा, खाली फायर वॉच, बाजूला पेंट झालेला असेल तर तो खरवडा आणि नंतर परत करा. म्हणून ब्लॉक कुठे तुटतो ते ठरवल्याशिवाय खर्च काढू नका. इरेक्शन जॉइंटची (ब्लॉक एकमेकांना जोडतात त्या जॉइंटची) लांबी काढा पहिले.

खाजणकाठ

लर्निंगबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मूळ कल्पना टी. पी. राइट या अमेरिकन इंजिनिअरांनी १९३६ साली विमानांच्या बाबतीत मांडली, संख्या दुप्पट झाली की तास ठराविक टक्क्यावर येतात. आता गंमत नाही, गंभीर मुद्दा आहे: "८५ टक्क्यांचा कर्व्ह" या शब्दांचे दोन अर्थ निघतात आणि लोक न सांगता कुठलाही वापरतात. एका अर्थाने दुसऱ्या जहाजाला पहिल्याच्या ८५ टक्के तास, तिसऱ्याला सुमारे ७७, म्हणजे पहिल्याचे १०० धरले तर तीन जहाजांचे मिळून २६२. दुसऱ्या अर्थाने, जो राइट यांचा मूळचा आहे, दोन जहाजांची सरासरी ८५, तिघांची सरासरी ७७, म्हणजे एकूण २३२. तोच ८५, तीच तीन जहाजं, आणि पहिल्या जहाजाच्या ३० टक्के तासांचा फरक! तुमच्या कंपनीच्या जुन्या फाइलमधे टक्का सापडला तर तो कुठल्या अर्थाने काढलाय ते कळेपर्यंत हात लावू नका.

लोक दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लिबर्टी जहाजांचं उदाहरण देतात. १९४१ ते ४५ मधे २,७१० जहाजं झाली आणि जहाजामागचे तास खूप उतरले हे खरंय. पण ती साधी मालवाहू जहाजं, एकच डिझाइन, अनेक यार्डांत शेकड्याने. आणि नंतर अर्थशास्त्रज्ञांनी जुने रेकॉर्ड पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की त्यातला बराच भाग निव्वळ सरावाचा नव्हता, मधल्या काळात यार्डांत क्रेन आणि शेडवर पैसे घातले गेले होते. रॉबर्ट ई. पिअरी नावाचं जहाज १९४२च्या नोव्हेंबरात साडेचार दिवसांच्या आसपास पाण्यात उतरलं ते सगळे सांगतात, त्याचे मोठमोठे भाग आधीच जोडून बाजूला तयार ठेवले होते हे कमी लोक सांगतात. म्हणजे फिरून वर प्लेट_नं_७ यांनी लिहिलं तेच, काम कुठे केलं.

तीन जहाजांत तुम्ही काय धरावं? पहिल्या जहाजातून लॉफ्टिंग (तुकड्यांचे खरे आकार काढणं), प्रॉडक्शन ड्रॉइंग, एनसी डेटा (कटिंग मशीनला द्यायची माहिती), जिग (तुकडे धरायचे साचे) हे एकदाच होणारे तास आधी बाहेर काढा. ते तिथेच राहिले तर दुसऱ्या जहाजातली घट खोटी मोठी दिसते. उरलेल्यावर कर्व्ह लावा, तोही शॉपच्या कामाला सौम्य, कारण मशीन शिकत नाही, आणि हाताच्या इरेक्शन कामाला जरा जास्त. आणि दोन जहाजांच्या मधे मोठा खंड पडणार असेल तर शिकलेली माणसं दुसरीकडे गेलेली असतात, तिथे कर्व्ह परत वर चढतो. शेड्यूल विचारून घ्या.

सुकाणू_२१

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी समजावून लिहील असं वाटलं नव्हतं. दोन दिवस बसून परत मांडलं, काय निघालं ते लिहिते.

आधी जुन्या जहाजाची फाइल उघडली. तास मागवलेल्या टनाने भागलेले होते, मी निव्वळ टनाला लावत होते. लॉफ्टवालादादा, अगदी तुमच्यासारखंच झालं. फेअरिंग खरंच रीवर्कच्या कोडमधे होतं, माझ्या तासांत आलंच नव्हतं.

मग मिडशिपचा एक ब्लॉक घेऊन हाताने मोजला. क्रॉसिंग मोजताना माझ्याच जुन्या सवयी डोळ्यासमोर आल्या, किलो वाचवायला मी किती सहज एक स्टिफनर वाढवत होते! पातळ डेकचा पर्याय आता माझ्या शीटमधे स्वस्त दिसत नाही, जुन्यापेक्षा थोडा महागच दिसतो. डिझाइनवाल्यांना तो वेग किंवा स्टॅबिलिटीसाठी हवा असेल तर जरूर घेऊ दे, वर ठेवलेलं वजन उतरवण्याची किंमत मला माहितीय, पण पैसे वाचतात म्हणून घेऊ नये एवढं मी त्यांना आज सांगितलं. फाउंडेशन वजनात शेवटून दुसरं होतं, तासांत तिसऱ्या नंबरावर आलं.

एक अडलंय. पुढच्या टोकाचा ब्लॉक आणि डेकहाऊस यांचं माझ्याकडे काहीच नाही, फक्त लाइन्स (हलच्या वळणांचं ड्रॉइंग) आणि बाहेरचा आकार. त्यांना मिडशिपच्या प्रमाणात काय लावू?

जुना_लॉफ्टवाला

प्रमाण लावू नका, मोजा. लाइन्स आहेत ना, मग शेलच्या प्लेट आखा ढोबळ आणि तीन ढीग करा: सपाट, एका दिशेने वाकलेल्या, दोन दिशांनी वाकलेल्या. पहिला ढीग सरळ कटिंगला जातो. दुसरा रोलरमधून काढला की झाला. तिसऱ्यात प्रत्येक प्लेट हीटिंगने हळूहळू वळवायची, टेम्प्लेट लावून बघायचं, आणि ते काम करणारी माणसं यार्डात मोजकीच असतात, त्यामुळे तिथे तासांबरोबर रांगही लागते. तिसऱ्या ढिगात किती प्लेट आहेत हा आकडा मिळाला की पुढचा ब्लॉक निम्मा सुटला. उरलेला निम्मा म्हणजे आत शिरायची जागा, टोकाला दोन बाजू इतक्या जवळ येतात की वेल्डर आडवाच होतो, तिथे कुठली बाजू शेवटी बंद करायची ते फिटरला विचारून घ्या.

डेकहाऊसला प्लेट पातळ, म्हणून डोलकाठी यांचं फेअरिंग तिथे वेगळ्या ओळीत लिहा, टक्का लपवू नका. ॲल्युमिनियम असेल तर दर पूर्ण वेगळा, आणि स्टीलला जोडायची पट्टी वेगळी मोजा.

डोलकाठी

आणि सीनियरांना एकच आकडा देऊ नका ताई. मोजलेले ब्लॉक, ढोबळ काढलेले ब्लॉक आणि निव्वळ वजनावरून धरलेला भाग असे तीन रकाने वेगळे दाखवा, प्रत्येकाला वरची खालची मर्यादा. डिझाइन पुढे सरकलं की तिसऱ्या रकान्यातलं पहिल्यात सरकवत जायचं. वजनही वाढतं, हे विसरू नका, डिझाइन मार्जिन खाल्लं गेलं की त्याचे तासही येतात, आणि वाढलेलं वजन बहुतेक वेळा फाउंडेशन आणि जादा स्टिफनरच्या रूपात, म्हणजे महाग टनात येतं.

सुकाणू_२१

तीन रकाने केले. सीनियरांनी परत तोच प्रश्न विचारला, कुठल्या टनाचे, यावेळी उत्तर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि पुढच्या टोकाच्या ब्लॉकसाठी सोमवारी फिटरना माझ्याबरोबर बसायला सांगितलंय. दुहेरी वाकाच्या प्लेट २३ निघाल्यात.